गेंटमधली आखाजी

रोज सकाळी शेगडी पेटली की वत्सलामावशी पदराला हात पुसत बाहेर यायची, गल्ली ओलांडून नळाच्या कठड्यापर्यंत जायची आणि तिथून वळून स्वतःच्याच घराकडे बघायची. पत्र्याच्या फटीतून धूर वर निघालेला दिसला की परत यायची.

"वत्सला, धूर शे का सिनेमा शे व?" नळावर बसलेली शोभाकाकू विचारायची.

"सिनेमा शे. तू तिकीट काढ आधी."

बायका हसायच्या. मावशीही हसायची, पण नजर पत्र्यावर असायची. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत तोवर घरोघर रॉकेलचे स्टोव्ह आले होते, दोन घरांत गॅसही होता. मावशी चूल आणि कोळशाची शेगडी सोडायला तयार नव्हती. का, ते तिनं मला एकदाच सांगितलं. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत होती आणि दुपारी मी तिच्याकडे अभ्यासाला बसायचे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली, म्हणून मला शेवटपर्यंत ऐकता आलं.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हा आमची गल्ली दोन दिवसांत रिकामी झाली. आम्हीही अमळनेरला आजोळी गेलो. उधन्याच्या स्टेशनात भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडक्यांतून लोक आत पोरं टाकत होते. मावशीची उज्ज्वला सहा वर्षांची होती. तिच्यासाठी निघणं भाग होतं. पण घरात हेमराजकाकांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, आई होती. तिला सगळी गल्ली माय म्हणायची. मायला वर्षानुवर्षांचा दमा. दहा पावलं चालली की बसायची.

"मी गाडीमा मरसू," माय म्हणाली. "त्यापेक्षा घरमा राहसू. तुम्ही पोरले ली जा."

तेव्हा गावात अफवा होती, की खोकणारं माणूस दिसलं की गाडीत घालून नेतात आणि ते परत येत नाही. माय तर दिवसभर खोकायची. म्हणून तिनंच सुचवलं, बाहेरून कुलूप लावा, म्हणजे घरात कोणी नाही असं वाटेल. शेजारचा चिंधा एकटा माणूस, तो थांबणार होता. किल्ली त्याच्याकडे द्यायची, तो रात्री भाकर-पाणी आत देईल, पाच दिवसांत मावशी-काका परत. असं ठरलं.

पाच दिवसांचे बारा झाले. दोघं परत आले तेव्हा चिंधाच्या दाराला कुलूप होतं आणि यांच्याही. हेमराजकाकांनी दगडानं कुलूप फोडलं. माय चुलीशेजारी कुशीवर पडलेली होती. कशानं गेली, किती दिवसांपूर्वी गेली, कोणी नीट सांगू शकलं नाही. मावशीनं आधी बघितला तो पिठाचा डबा. भरलेला होता. टोपलीतल्या भाकरी संपल्या होत्या. चुलीतली राख ती स्वतः सोडून गेली होती तीच होती, वरच्या रेषासुद्धा तशाच.

चिंधा परत आलाच नाही. तो उमरगावला कामाला लागला असं पुढं कळलं. गल्लीनं सगळा दोष त्याच्या नावावर टाकला आणि विषय मिटवला.

आमच्याकडे खानदेशात आखाजीला मेलेल्या माणसांना जेवू घालतात. अक्षय्य तृतीया म्हणा. गोवरीच्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास तुपासकट ठेवायचा, नाव घ्यायचं, भोवती पाणी फिरवायचं. तिला आगारी म्हणतात. घास जळून गेला की तो पोचला. माणूस गेल्यावरची पहिली आखाजी चुकवत नाहीत. चुकली तर ते माणूस उपाशी दारात उभं राहतं असं म्हणतात. मायची पहिली आखाजी पंच्याण्णवच्या मेमध्ये होती. मावशीनं फाल्गुनातच हरभऱ्याची डाळ निवडून ठेवली होती.

आणि त्याच महिन्यात हेमराजकाका घरी येऊन म्हणाले, "आपल्याला बेल्जियमला जायचंय. दोघांना. सहा आठवडे."

काका भेस्तानच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या शेठनं बेल्जियममधल्या गेंट नावाच्या गावी एका बंद पडलेल्या गिरणीचे माग विकत घेतले होते. ते खोलायचे, प्रत्येक भागावर खूण करायची, पेट्यांत भरायचे आणि इथं पलसाण्याला आणून परत जोडायचे. ते डोळे मिटून माग जोडू शकणारा माणूस शेठकडे एकच होता. पण काकांचं पोट नाजूक, बाहेरचं अन्न चालत नव्हतं. हॉटेलात आजारी पडून काम अडण्यापेक्षा बायकोचं तिकीट परवडलं, असा शेठनं विचार केला. गल्लीत गवगवा झाला. शोभाकाकू म्हणाली, "वत्सला परदेश चालनी भाकरी थापाले!"

"आखाजीनंतर नाही का जाता येणार?" मावशीनं विचारलं.

"नाही," काका म्हणाले. मावशीला तेव्हाच कळलं, की त्यांना आखाजीच्या वेळी या घरात राहायचं नाही.

उज्ज्वला मामाकडे गेली. मावशीच्या बॅगेत दादर ज्वारीचं पीठ, डाळ, गूळ, काळा मसाला आणि साड्यांच्या घडीत कापडात गुंडाळलेली एक गोवरी होती, चार तुकडे केलेली. काकांना तिनं ती दाखवली नाही.

गेंटमधलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली पाववाल्याचं दुकान. दोन खोल्या, लाकडी जमीन, रस्त्याकडे एक उंच खिडकी, आणि विजेची शेगडी. काळी, सपाट, जाळ नसलेली. "तापते, पण पेटत नाही," मावशी मला म्हणाली. त्यावर भाकर फुगायची नाही. तवा सरकवत, फडक्यानं दाबत तिनं आठ दिवसांत तिला वठणीवर आणलं. सकाळी सहाला भाकरी आणि लसणाची चटणी डब्यात. संध्याकाळी खिचडी, नाहीतर बटाट्याचा रस्सा. बाजारात वांगी एकेकटी, कागदात गुंडाळून, दागिन्यासारखी मांडलेली. हिरवी मिरची दिसली नाही. कांद्याच्या पातीसारखं मनगटाएवढं जाड काहीतरी मिळायचं, त्याची तिनं पीठ पेरून भाजी केली आणि काका म्हणाले, "ही रोज कर." रविवारी दोघं कालव्याच्या काठानं चालायची. काकांना कागदाच्या कोनातले तळलेले बटाटे आवडले. त्यावर तो माणूस पांढरी पातळ मलई घालायला लागला तेव्हा मावशीनं त्याचा हातच धरला. काका इतके हसले की बाकावर बसले. तिथं ते हसायचे, असं मावशी म्हणाली. लिंबायतला नाही.

पण भाकरी ती सहा करायची. दोन त्यांच्या, दोन तिच्या.

"दोन कोनले?" काकांनी एकदा विचारलं.

"हातले सवय शे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उरलेल्या दोन भाकरी कुस्करून फोडणीला टाकायची आणि दोघं ते मुकाट्यानं खायची.

घराची किल्ली एकच होती. पहिल्याच दिवशी मावशी जिन्यात डोकावायला गेली, मागं दार आपोआप बंद झालं आणि ती दुपारभर पायरीवर बसून राहिली. त्यानंतर काका जाताना बाहेरून किल्ली फिरवून जायचे. भाषा येत नाही, कोणी आलं तर घाबरशील, म्हणून. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. किल्ली फिरायची, जिन्यावर पावलं उतरायची, आणि मावशी आत.

तिनं हरकत घेतली नाही. तिथल्या मनोऱ्यावरची घंटा दर पाव तासाला वाजायची. "एक दिवस किती मोठा असतो ते मला तिथं कळलं," ती म्हणाली. ती खुर्ची खिडकीशी ठेवून बघायची, मग दाराशी, मग शेगडीशी. माय कुठं बसली असेल? दाराशी बसली असेल तर कोणाची चाहूल लागली असेल का? दुपारी कधी मागच्या खोलीत कोणीतरी दम लागल्यासारखं श्वास घ्यायचं. पाण्याचा पाइप होता तो. तिला माहीत होतं. तरी ती उठून जायची आणि दारातून म्हणायची, "माय, आते येतीन ते."

आखाजीला काका नेहमीसारखे निघाले. त्या दिवसाचं नाव दोघांनीही घेतलं नाही. किल्ली फिरली. मावशीनं डोक्यावरून पाणी घेतलं, पुरण शिजवलं, पोळ्या केल्या. मग स्टीलच्या थाळीत गोवरीचे तुकडे रचले, खिडकी उघडली आणि काडी लावली. गोवरी प्रवासात दमट झाली होती. आधी नुसता धूर झाला, दाट, पिवळा. तो खिडकीतून बाहेर गेला. मग कुठं निखारा धरला. तिनं घास तुपात बुडवून त्यावर ठेवला. मायचं नाव घेतलं.

घास चुरचुरायला लागला आणि खालून कोणी बाई ओरडली. लगेच दुसरा आवाज. जिन्यावर धावती पावलं. दारावर थापा. पाववाला होता, खालची म्हातारी होती, आणखी कोणी होतं. सगळी त्यांच्या भाषेत हाका मारत होती. कडी हलत होती.

"कुलूप शे," मावशी आतून म्हणाली. "बाहेरथून शे."

काडी लावल्यापासून घंटा वाजली नव्हती, म्हणजे पाव तासही झाला नव्हता. खाली बंबाचा भोंगा वाजला आणि खिडकीला शिडी टेकली. हेल्मेट घातलेला एक माणूस वर आला. त्यानं जमिनीवर बसलेली बाई बघितली, तिचे जोडलेले हात बघितले, थाळी बघितली. आत उतरला. काहीतरी म्हणाला, फार हळू, लहान मुलाशी बोलावं तसं. मग मोरीवरचं भांडं घेऊन त्यानं निखाऱ्यावर पाणी ओतलं.

घास अर्धा जळला होता.

इथं मावशीचा तांदूळ निवडणारा हात थांबला. "धूर दिसना आन् लोके उनात," ती मला म्हणाली. "परकी लोके. पाव तासमा."

काका आले तेव्हा खालच्या म्हातारीनं त्यांना जिन्यातच अडवून हातवारे करून सगळं सांगितलं होतं. ते आत आले, थाळी बघितली. मावशी जागची उठली नव्हती.

"आपण निघताना तुम्ही रिक्षा आणाले गयथात," ती म्हणाली. "तवय मी मायले सांगं व्हतं. चूल नको पेटाडजो. धूर दिसना ते लोके येतीन आन् तुले ली जातीन. तिनी मन्हं ऐकं. डबाभर पीठ व्हतं घरमा. भूकी मरनी, पन चूल पेटाडी नही. रोज पावडर फवारनारा गल्लीमा येत. धूर दिसता ते त्यास्नी दार तोडं असतं."

सात महिने तिनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

काका खुर्चीवर बसले. बराच वेळ बूट सोडत राहिले.

"चिंधा माले टेशनवर भेटना व्हता," ते म्हणाले.

"कवय?"

"त्याच दिवशी. तोबी पळी राहिंता. किल्ली माले दिधी त्यानी. गाडी सुटी राहिंती. तू पोरले धरीसन मधमा बसेल व्हती. माले वाटनं, चार-पाच दिवसना सवाल शे. भाकरी शेतस टोपलीमा."

"किल्ली?"

"दोंडाईचा येवाना पहिले खिडकीमाईन फेकी दिधी."

म्हणून परत आल्यावर कुलूप दगडानं फोडावं लागलं होतं. मावशीनं ते डोळ्यांनी बघितलं होतं आणि चिंधाच किल्ली घेऊन पळाला असेल, असं धरलं होतं.

त्या रात्री कोणी जेवलं नाही. काकांनी ती थाळी घासली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण घरातलं भांडं त्यांनी पहिल्यांदाच घासलं. दुसऱ्या दिवशी जाताना त्यांनी दार नुसतं ओढून घेतलं आणि किल्ली आत टेबलावर ठेवली. उरलेले अडीच आठवडे भाकरी सहाच झाल्या.

परत आल्यावर मावशीनं हे गल्लीत कोणाला सांगितलं नाही. चिंधाला शिव्या पडायच्या तेव्हा ती उठून आत जायची. पुढच्या आखाजीला, त्याच्या पुढच्याही, तिनं मायची आगारी टाकली आणि काका शेजारी उकिडवे बसले. घास पूर्ण जळेपर्यंत दोघं हलायची नाहीत. पण जेवताना ती त्यांच्याशी बोलायची नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि पाठ करून शेगडीशी बसायची. हवं-नको विचारायची नाही. काका पानात पडेल ते खायचे, मीठ नसलं तरी. आमच्या भिंतीतून त्यांच्या जेवणाचा आवाज यायचा, तो फक्त भांड्यांचा असायचा. चार वर्षं मी तो ऐकला.

नव्व्याण्णवच्या थंडीत एका सकाळी मावशीला भाकरी करताना चक्कर आली. भिंतीला टेकून ती थोडी बसली आणि परत तव्याशी वळली. मी पुस्तक मागायला उज्ज्वलाकडे गेले होते, दारातच होते. काका पहिल्या पाळीला निघायच्या आधी पाटावर बसले. मावशीनं ताट त्यांच्यासमोर सरकवलं आणि या वेळी पाठ केली नाही. काकांनी घास तोडला, करपलेला काळा भागसुद्धा, आणि तोंडाकडे नेला. ती त्यांच्याकडे बघत होती.

काका कारखान्यात असतानाच, दुपारी बाराच्या सुमारास ती गेली. मधल्या वेळात ती आडवीच होती, कोणाशी बोलली नाही. तिनं शेवटचं काही म्हटलं असेल तर ते सकाळचं, चार वर्षांत पहिल्यांदाच पाटावर बसलेल्या काकांना:

"भाकर करपनी आज. करपेल तेवढी काढी टाका, बाकीनी खाई ल्या."