वरून दिसलेला दादू

दिवेआगरच्या आमच्या वाडीत सुपारी उतरवायला येणारा कोंडाजी सगळ्या गावाला वरून ओळखायचा. एका पोफळीवर चढला की तीच झुलवून शेजारची धरायचा आणि दुपारपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही. खालून जाणाऱ्यांचे भांग, टकलं आणि अंबाडे तेवढे त्याला दिसत. तेवढ्यावरून तो नाव घेऊन हाक मारी आणि कधी चुकत नसे.

अठ्ठावन्न साली चुकला. जमीन मोजायला आलेल्या कारकुनाने घाम पुसायला टोपी काढली, तोच वरून आरोळी आली, "दादू! आरं, कवा आलास?"

दादू त्याचा धाकटा भाऊ. झाडाखाली उभा राहून सुपारीचे घड गोळा करायचा. बारा वर्षांपूर्वी मुंबईला गोदीत कामाला गेला, तो परत आलाच नाही.

कारकुनाने वर पाहिलं. चेहरा परका होता. कोंडाजी सरसर खाली उतरला. "माफी करा, सायेब. तुमच्या डोईत दोन भोवरे हायत. दादूचे आसंच व्हते."

शेजारीच उभा असलेला मी चिडलोच. "सख्ख्या भावाला भोवऱ्यावरून ओळखतोस होय रे?"

कारकुनाला मात्र नवल वाटलं. "दिसायला कसा होता तुझा भाऊ?"

"नाक..." कोंडाजी म्हणाला आणि थांबला. बराच वेळ आठवत राहिला. मग पुन्हा पोफळीवर चढला आणि शेंड्यावरून म्हणाला, "सायेब, जरा तितंच उभं ऱ्हावा. वर बघू नका."