गिरणीच्या फळ्यांचं कपाट

"हात नका लावू बाई, पदराला लागल."

"लागू दे. काय करून ठेवलंयत ते बघू तरी."

गुणाजीने कपाटाचं दार उघडून धरलं. वृंदाबाईंनी नखाने नुसतं टोकरलं, तर निळ्या रंगाची वीतभर पोळी सुटून हातात आली. मागे पांढरा भुगा.

"चैत्रात दिलंत तेव्हा चकचकीत होतं. श्रावण लागला नि ही दशा."

"माझी चूक हाय. मी खडू लावला."

गुणाजी मूळचा पेणचा. थोरला भाऊ नाथा, त्याच्या कारखान्यात गणपती रंगवण्यात याची वीस वर्षं गेली. तिथे मूर्तीला आधी खडूची पूड सरसात कालवून पांढरा हात देतात, मग रंग. हाताला तीच सवय. मूर्तीला टिकायचं असतं दहा दिवस. कपाट पावसाळ्याची ओल प्यालं नि फुगलं. नाथाशी वाजल्यावर तो रोह्यासमोर, कुंडलिकेच्या पुलाजवळ अष्टमी गावात येऊन राहिला होता. पडलेल्या घरांची लाकडं आणायची, मोडकं फर्निचर जोडून रंगवून द्यायचं. निघताना नाथा म्हणाला होता, "वर्षात परत येशील." वर्षाला महिना उरला होता. बाई रोह्याला हेडमास्तरीण. त्यांच्या वडिलांचं, आप्पांचं हे कपाट नीट निघालं तर शाळेची बारा मोडकी कपाटं गुणाजीकडे यायची होती. नाही तर पेणची गाडी.

"शुक्रवारी येते," एवढंच बोलून बाई गेल्या.

बायको सरू चुलीपुढून म्हणाली, "वरून ऑइलपेंट फासा. गणपती होईस्तवर काय सुटत नाय."

"आनी दिवाळीला गो?"

"दिवाळीला बाईंचा नशीब."

गुणाजी हसला. पण फुटक्या काचेचा तुकडा घेऊन खरवडायला बसला.

बाहेर पाऊस धरून राहिलेला. निळा गेला, खडू गेला, वरच्या अर्ध्या भागात आप्पांच्या वेळचा हिरवा लागला, त्याखाली कुणाच्या वेळचा कोण जाणे, तांबडा. एकेक रंग उतरत होता नि गुणाजी त्यांच्या मागे मागे उतरत होता. डोळ्यांपुढे पेणचं अंगण आलं; डोळे अजून न रेखलेल्या पांढऱ्या मूर्ती रांगेत बसलेल्या, सगळ्या त्याच्याकडे तोंड करून. त्या काही मागत नव्हत्या. तो खरवडत राहिला.

कपाटाचा खालचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला, तिथे त्याने पेणच्या बंद पडलेल्या भातगिरणीच्या फळ्या बसवल्या होत्या. त्यांना काच लागली तसा कोंड्याचा वास सुटला. वर्षानुवर्षं पोती घासून फळ्या गुळगुळीत झालेल्या, हात सरकत जाई. कुठूनसं भात पडत राहिल्यासारखं वाटत होतं, बारीक, न थांबणारं. काच हातातून गळली तेव्हा सरूने चहा आणून ठेवला होता, नि तो थंडही झाला होता.

या फळ्यांवर रंग घालायला मग त्याचा हात धजेना. वरच्या भागाला त्याने खडूशिवाय, सरळ लाकडावर फिका निळा दिला. खाली नुसतं अळशीचं उकळलेलं तेल चोळलं.

शुक्रवारी बाई आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"ही तर दोन कपाटं वाटतायत, गुणाजी."

"दोनच हायत. वरचा आप्पांचा, खालचा गिरणीचा. मागच्या टायमाला मी रंगाखाली लपवला होता."

बाईंनी ओला रुमाल काढला, खालच्या फळीवर खसाखसा घासला. रुमाल उलटून पाहिला. मग निळ्यावर घासला, तोही पाहिला.

"सोमवारी शाळेची चार पाठवते. आधी चारच. ती पुढचा पावसाळा काढू देत, मग बाकीची."

"व्हय."

"आणि तो खडूचा डबा मला द्या. फळ्यावर लिहायला होईल."

"तो फळ्याचा खडू नाय हो बाई."

"मग पेणला पाठवा भावाकडे," असं म्हणून त्या छत्री उघडून पुलाच्या दिशेने निघाल्या.

सोमवारच्या कपाटांना जागा हवी होती. गुणाजीने भिंतीशी टेकलेली जुन्या दाराची फळी ओढली, आडवी टाकली, नि तिच्यातले गंजके खिळे एकेक उपसायला बसला.