टीव्हीच्या मागे जाणाऱ्या बाई

बाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी टीव्हीच्या मागे जात. वाकून कोणती वायर कुठे खोचली आहे ते पाहत आणि मगच समोर येऊन चहाला बसत. घरातले नवे असले तर गोंधळत. सावली गावातल्यांना सवय होती.

गावातल्या केबलची कंट्रोल रूम त्या चालवत. भातगिरणीच्या वर एक खोली, भिंतीला लावलेली यंत्रे आणि खिळ्यावर वायरींची वेटोळी. नवरा गेल्यावर चॅनेलच्या मालकाने हे काम त्यांच्याकडे दिले. संध्याकाळी सातला तिथून स्थानिक बातम्या जात. मी तेव्हा त्या चॅनेलचा बातमीदार होतो. बाई माझी बातमी लावताना एकच प्रश्न विचारत : "हे चित्रात आहे काय?" नसले, तर ते वाक्य बोलू देत नसत.

शेजारच्या देवाजींना पुण्याच्या मुलाने मोठा फोर-के टीव्ही पाठवला. चार दिवसांत ते जिना चढून आले. "बाई, पोराले दुकानदारानं फसवलं. जुना डब्बा याच्यापेक्षा साफ दिसे." बाई त्यांच्या घरी गेल्या, टीव्हीच्या मागे वाकल्या आणि हसल्या. सेट टॉप बॉक्समधून टीव्हीत जुनीच पिवळी वायर गेली होती. "भाऊ, नहर भरून वाहून राह्यला, अन् तुम्ही धानाच्या बांधीत पाणी नळीनं घेऊन राह्यले." त्यांनी पिवळी काढून एचडीएमआयची वायर लावली. क्रिकेटचे मैदान लख्ख झाले. देवाजींनी लगेच जुना सिनेमा लावला. तो होता तसाच.

"हा काऊन नाई साफ झाला?"

"तो तिकडूनच तेवढा येते भाऊ. चित्र येते, वायरीतून जाते, टीव्हीवर पडते. तिघांत ज्याची ऐपत कमी, तेवढंच दिसते."

त्या चुकत नसत असे नाही. एका भाजीवाल्याच्या घरी त्यांनी वायर खराब ठरवून नवी घ्यायला लावली. दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये निघाला. दुसऱ्या दिवशी त्या भर बाजारात त्याच्या दुकानापुढे उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "वायर चांगली होती. मी चुकली."

बाईंचे एकाच माणसाशी वाकडे होते. मारोती नावाचा हमाल. बाजारातल्या दुकानांचा माल उतरवायचा आणि बाईंच्या केबलवर हूक टाकून फुकट टीव्ही पाहायचा. बाई हूक काढत, तो पुन्हा टाके. एकदा त्याने रागाने वायरच तोडली. "मुडद्या, मागून घेतली असती तं देली नसती काय?" असे बाई भर रस्त्यात ओरडल्या होत्या.

मग कृषी केंद्राच्या ओट्यावरून पाण्याची मोटर चोरीला गेली. दुकानदार कॅमेऱ्याचा रेकॉर्डर घेऊन कंट्रोल रूममध्ये आला. चित्रात दूर, कडेला, चौकड्याच्या शर्टातला माणूस मोटर उचलताना दिसत होता. "चाल पाहा. मारोतीच आहे," दुकानदार म्हणाला. चॅनेलच्या मालकांनी सातच्या बातमीत लाल वर्तुळ करून नाव घ्यायचे ठरवले. चेहरा दिसेना, तेव्हा त्यांनी घरून स्वतःचा पंचावन्न इंची टीव्ही आणवला.

बाईंनी चांगली वायर लावली. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे वाचता येऊ लागली. दुकानदार पुढे सरकला. बाईंनी चेहरा मोठा केला. पडदाभर राखाडी चौकोन आले.

"आणखी मोठं करा," मालक म्हणाले.

"टीव्ही मोठा झाला, चित्र नाई झालं. कॅमेऱ्यानं तोंड घेतलंच नाई, मी कुठून आणू?"

"बाई, त्यानं तुमची वायर तोडली, अन् तुम्ही त्यालेच वाचवून राह्यल्या?"

"वायर तोडताना मी डोळ्यानं पाह्यलं. हे नाई पाह्यलं."

बातमी 'अनोळखी इसम' अशी गेली. पण दुकानदाराने बाजारात नाव पसरवायचे ते पसरवले. दुकानांनी मारोतीला माल उतरवायला बोलावणे बंद केले. तो कंट्रोल रूममध्ये आला. "बाई, तो मी नव्हतो, असं टीव्हीवर सांगून द्या ना."

"ते बी चित्रात दिसत नाई गा."

तो जिना दणदणत उतरला. त्या आठवड्यात त्याचा हूक पुन्हा लागला. बाईंनी तो तसाच राहू दिला. चोर काही सापडला नाही.

पुढे घरोघरी इंटरनेट आले आणि केबल बंद पडली. बाई मुलीकडे माजरीला निघाल्या. जावई कोळसा खाणीत आहे. सामान टेम्पोत भरायला त्यांनी मारोतीला बोलावले. मीही निरोपाला गेलो होतो. शेवटची पेटी चढल्यावर बाई त्याला म्हणाल्या, "मारोती, तो तू होता काय?"

मारोतीने टेम्पोचे फळके लावले. "नाई बाई. पण इतक्या दिवसांत मले इचारलं कोणी? सारे टीव्हीलेच इचारत होते."

"हो," बाई म्हणाल्या. "मी बी."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बाई रस्ता ओलांडून कृषी केंद्रासमोर गेल्या. "मारोती नव्हता. मी त्याले इचारलं."

दुकानदार हसला. "अन् त्यानं सांगितलं, अन् तुम्ही मानलं? तुम्हीच म्हणत होत्या ना, दिसत नाई म्हणून?"

"दिसत नाईच. पण त्याचं बोलणं तुमच्या चित्रापेक्षा साफ आहे."

एवढे बोलून त्या टेम्पोत बसल्या.

पुढच्या बाजाराला कृषी केंद्रासमोर खताची गाडी लागली होती. मारोती पोती उतरवत होता. कॅमेरा होता तिथेच होता.