सकाळी आठचा स्प्रे

शकूमावशीच्या पाळणाघरात मूल ठेवायचं तर आधी आईबापांची परीक्षा असायची. मुलाचं काही नाही हो, मूल कसंही चालायचं. रडकं, चावरं, चड्डीत करणारं, कसलंही. आईबाप मात्र सहाच्या ठोक्याला न्यायला हजर पाहिजेत. एक साहेब पावणेसातला धापा टाकत आले आणि म्हणाले, "मावशी, कॉल लांबला." मावशीने दारातच विचारलं, "मग मूल तुमच्या कॉलवाल्यांकडेच ठेवायचं ना?" दुसऱ्या दिवसापासून साहेब पावणेसहालाच येऊन जिन्यात बसायला लागले.

येरवड्यात, हाउसिंग बोर्डाच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली बाराखडीचा तक्ता, त्याच्याखाली खिळ्यांना ओळीने लटकवलेली दप्तरं. दोन हजार एक साली तिचा नवरा धोंडिबा याला चिंचवडच्या कारखान्याने व्हीआरएस देऊन घरी बसवलं. चार महिने तो माणूस नुसता छताकडे बघत पडून होता. शकूला ते बघवेना. तिने शेजारणीची दोन पोरं सांभाळायला घेतली आणि त्यातलं एक, काही न विचारता, त्याच्या मांडीवर टाकलं. पोर मुतलं आणि धोंडिबा उठला. पुढे खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, दोनाची चौदा मुलं झाली, मदतीला सरूबाई आली, आणि धोंडिबा भाजी निवडता निवडता चिऊकाऊच्या गोष्टी सांगण्यात तरबेज झाला.

मावशीचा सगळ्यात कडक नियम एकच होता: आजारी मूल घ्यायचं नाही. एकाचा गोवर चौदा घरांत जातो, हे तिने एकदा भोगलं होतं. सकाळी दारात उभी राहून ती प्रत्येकाच्या कपाळाला हात लावायची आणि मगच आत सोडायची. आया तरी काय कमी होत्या? सातला तापाचं औषध पाजायचं, आठला गार कपाळ दाखवायचं, आणि अकराला औषध उतरून पोर तापलं की फोनवर म्हणायचं, "अगंबाई, सकाळी तर काहीच नव्हतं!" मावशीला हे सगळं पाठ होतं. "आली बघ अकराची गाडी," असं ती सरूबाईला म्हणायची आणि दोघी हसायच्या. त्या हसण्याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

दोन हजार पंधराच्या जूनमध्ये भाग्यश्री आली. परभणीची पोरगी, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत, नवरा अभय सहा महिन्यांसाठी अमेरिकेत. कडेवर चार वर्षांची राजनंदिनी. आल्या आल्या तिने सांगून टाकलं की मुलीला फिट येतात. दोन पाळणाघरांनी हे ऐकल्यावर 'जागा भरली' म्हणून दार लावलं होतं. मावशीने पोरीकडे बघितलं. पोरगी धोंडिबाच्या टोपलीतली गवार मोडत बसली होती, आणि चांगली मोडत होती.

"ठेवून घेते," मावशी म्हणाली. "पण ज्या सकाळी घरी फिट आली, त्या दिवशी माझ्याकडे आणायची नाही. हे कबूल असेल तरच."

भाग्यश्रीने मान डोलावली. दुसरं करणार काय बिचारी!

मावशी मग स्वतः तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दाखवला आणि नीट समजावलं. फिट आली की मुलीला कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि पहिल्यांदा घड्याळ बघायचं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तरच स्प्रे, तोही चिठ्ठीत लिहिलाय तेवढाच. "हे झोपेच्या जातीचंच औषध आहे, मावशी," डॉक्टर म्हणाले. "फिट थांबवतं, पण जास्त झालं तर श्वासही मंद करतं. एकदा दिल्यावर आपल्या मनाने पुन्हा द्यायचं नाही. फिट थांबली नाही किंवा पुन्हा आली तर सरळ दवाखाना गाठायचा."

मावशीने घरी येऊन धोंडिबाला फरशीवर आडवं पाडलं आणि सरूबाईसमोर पाच वेळा तालीम केली. पाचव्या वेळी धोंडिबाला खरंच झोप लागली. ऑगस्टात राजनंदिनीला दोन फिट आल्या. दोन्ही दीड मिनिटात थांबल्या. मावशीने स्प्रेला हातही लावला नाही, फक्त वहीत वेळ लिहिली. मुलाने कधी खाल्लं, कधी झोपलं, कधी शी केली, सगळं ती वहीत लिहायची. संध्याकाळी आईला त्यातलं एक अक्षरही चुकलेलं सापडत नसे.

ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी भाग्यश्री साडेआठला आली. पोरगी खांद्यावर मान टाकून पेंगत होती.

"रात्रभर सर्दीने झोपली नाही हो. सर्दीचं औषध दिलंय, म्हणून अशी झालीय."

"फिट?"

"छे छे. काही नाही." आणि स्कूटी चालू ठेवूनच ती बोलत होती.

कपाळ गार होतं. मावशीने पोरीला आत घेतलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी राजनंदिनी चटईवरून घसरली आणि तिचं अंग आखडलं. सरूबाईने बाकीची मुलं आतल्या खोलीत नेली. मावशीने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दुपट्याची घडी सारली. धोंडिबा घड्याळाखाली उभा राहून मिनिटं सांगू लागला. एक. दोन. पोरीच्या तोंडाला फेस आला. तीन. मावशीने स्प्रे हातात घेऊन टोपण काढून ठेवलं. समोर पोर झटके देतंय आणि आपण बाटली हातात धरून नुसतं बघत बसायचं, यापेक्षा वाईट पाच मिनिटं तिने आयुष्यात काढली नव्हती. "पाच," धोंडिबा म्हणाला. तिने चिठ्ठीप्रमाणे मोजून स्प्रे मारला. दीड मिनिटात अंग सैल पडलं. मावशीचा जीव भांड्यात पडला.

पण तो तिथे राहिला नाही. फिटनंतर झोपलेली पोर तिने पाहिली होती, तिचा श्वास ओढल्यासारखा पण भरभर चालायचा. आज छाती हलायची, मग थांबायची. इतकी थांबायची की मावशी स्वतःचा श्वास धरून वाट बघायची. ओठ निळसर दिसायला लागले.

"आणखी एकदा मारा की ताई," सरूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "म्हणजे शुद्धीवर येईल."

"अगं, ते झोपवायचं औषध आहे, उठवायचं नव्हे!" मावशी ओरडली. तिने स्प्रे धोंडिबाच्या खिशात कोंबला, पोरीची हनुवटी वर उचलून धरली आणि म्हणाली, "अहो, एकशे आठला फोन लावा. श्वास कमी पडतोय म्हणावं, लहान मूल आहे."

गाडी येईपर्यंत आणि गाडीतही तिने भाग्यश्रीला अकरा फोन केले. एकही उचलला नाही.

दवाखान्यात पोरीला ऑक्सिजन लावला. नळ्या, पट्ट्या, टुकटुक करणारं यंत्र. एक तरुण डॉक्टरीणबाई मावशीला बाजूला घेऊन विचारू लागल्या.

"किती वेळा मारला स्प्रे?"

"एकदा. दहा पंचवीसला. सकाळी आईने सर्दीचं औषध दिलं होतं, तेवढंच." मावशीने वही पुढे केली.

"नक्की एकदाच? घाबरून माणसाकडून दोनदा मारला जातो, मावशी. मी तुम्हाला रागावणार नाही. पण इतक्या औषधाने इतका परिणाम सहसा होत नाही. मला खरं कळलं पाहिजे. पुढचं सगळं त्यावर ठरतं."

मावशीला उभ्या जन्मात कोणी असं विचारलं नव्हतं. 'एकदाच' असं ती पुन्हा म्हणाली खरी, पण मनात किडा वळवळायला लागला. हात थरथरत होता. मोजताना चुकलं असेल का? पाचऐवजी तीनच मिनिटं झाली असतील का? पोरीला काही झालं तर? पाळणाघर गेलं खड्ड्यात, त्या पोरीच्या आईला तोंड कसं दाखवू? ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. पंधरा वर्षांत शेकडो पोरं या हाताने सांभाळली, आणि आज त्याच हाताचा तिला भरवसा वाटेना.

भाग्यश्री बारा वाजता धावत आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात दोन वेगळ्या चपला नव्हत्या एवढंच. डॉक्टरीणबाईंनी तिलाही विचारलं. "आज यांनी स्प्रे द्यायच्या आधी आणखी कोणतं औषध दिलं होतं का?"

भाग्यश्रीने काचेतून मुलीकडे बघितलं. मग मावशीकडे बघितलं. मावशीला ठाऊकच नव्हतं की आणखी सांगण्यासारखं काही आहे. 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. सगळं मावशीच्या माथी बसलं असतं आणि कोणाला काही कळलंही नसतं.

"दिलं होतं," भाग्यश्री म्हणाली. "सकाळी आठला फिट आली. मी थांबले नाही, एका मिनिटात स्प्रे मारला. आज आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, मला निघायचं होतं. आणि वर सर्दीचं औषधही पाजलं."

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सर्दीच्या औषधानेही गुंगी येते. दोन स्प्रे आणि ते, तिन्ही एकत्र झाली." आणि त्या आत पळाल्या.

तीनच्या सुमारास राजनंदिनीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तोपर्यंत दोघी बाकावर बसून होत्या, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. आता मावशीचा बांध फुटला.

"माझ्या हातून गेली असती पोरगी! माझ्या हातून! आणि मी जन्मभर समजत राहिले असते की माझंच चुकलं. एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं गं तुला?"

भाग्यश्री रडत होती, पण मान वर करून म्हणाली, "सांगितलं असतं तर घेतलं असतंत तिला?"

मावशीने हातातली वही मिटली.

"नसतं घेतलं," ती म्हणाली.

नियम तिचाच होता. आजारी मूल आणू नका, असं तिने बजावलं होतं, आणि आयांनी मूल आजारी असतं हे सांगणंच सोडून दिलं होतं. अकराला तापणारी ती सगळी पोरं तिच्या डोळ्यांसमोरून गेली. आपण आयांचा लबाडपणा पकडला म्हणून हसत होतो, आणि त्यांना लबाडी शिकवणारी आपणच होतो, हे तिला त्या बाकावर कळलं. लाज वाटली तिला.

"मी दुसरीकडे बघते, मावशी," भाग्यश्री म्हणाली. "तुम्हाला हा त्रास पुन्हा नको."

"बघ की. तिथल्या बाईलाही दारात थापच मारशील. ती पाच मिनिटं थांबेल की नाही, कोण जाणे." मावशीने नाक पुसलं. "गुपचूप माझ्याकडेच आण. आणि सकाळी काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं, ते सांगून आण. मी परत पाठवणार नाही. स्प्रे दिलेला असेल तर मी दुसरा मारणार नाही, थेट गाडी बोलावीन. पण मला माहीत पाहिजे. आंधळेपणाने मला पुन्हा ती बाटली धरायला लावू नकोस."

त्यानंतर जवळजवळ महिनाभर काही झालं नाही. मग एका सोमवारी पावणेआठला मावशीचा फोन वाजला.

"मावशी, झाली आज. सात वाजता. पाच मिनिटं मोजली, थांबेना, मग स्प्रे दिल्यावर थांबली. श्वास नीट आहे. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले झोपू दे, पण कोणीतरी जवळ बसून लक्ष ठेवा." भाग्यश्रीचा आवाज कापत होता. "आज मी तिच्याजवळून हलणार नाही. पण घरी एकटीला भीती वाटतेय हो. तुमच्याकडे येऊन तिच्याशेजारी बसू का?"

मावशीने पेन्सिल घेऊन वेळ लिहून ठेवली. मग सवयीप्रमाणे तिची जीभ वळवळलीच.

"आणि ऑफिसात आज काय थाप मारलीस?"

"थाप नाही मारली," भाग्यश्री म्हणाली. "मुलीला फिट येतात म्हणून सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने आवाजात येऊ दिलं नाही.

"या मग दोघी," ती म्हणाली. "स्कूटीवर नको, रिक्षाने या."