एकाच रंगाचं दप्तर

नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूमचं कुलूप काढलं तरी तिथले कागद सांभाळणाऱ्या दप्तरताई लगेच आत जात नसत. आधी दारावर दोनदा टकटक, मग एकदा खाकरणं, मग जरा थांबणं. उंदरांनाही आवराआवरीला वेळ द्यावा, असं त्यांचं म्हणणं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या न खाकरता आत गेल्या आणि एक उंदीर पायावरून पळाला. तेव्हापासून हा तह दोन्ही बाजूंनी पाळला जात होता.

ताईंचे यजमान शिंपी. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान, गावभर 'मास्तर' म्हणून ओळख. लग्न ठरलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, बायको कागदपत्रं सांभाळते, म्हणजे घराला शिस्त लागेल. शिस्त लागली, पण ती एकट्या ताईंनाच कळायची. साखर बिस्किटांच्या डब्यात, बिस्किटं चहाच्या डब्यात, आणि चहा कुठे ते विचारून घ्यायचं. एकाही डब्यावर चिठ्ठी नाही.

रेकॉर्ड रूममध्येही तेच. तिथले जुने कागद कापडात बांधून फळ्यांवर ठेवलेले. कचेरीचं कापड केव्हाच विरून गेलं होतं. नव्या कापडासाठी ताईंनी केलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत इतका जाडजूड झाला, की त्यालाच बांधायला कापड लागलं. शेवटी त्यांनी मास्तरांच्या दुकानातले उरलेले तुकडे न्यायला सुरुवात केली. जन्माच्या नोंदी पिवळ्या फुलांच्या कापडात गेल्या, मृत्यूच्या करड्या अस्तरात. गटारांचे नकाशे पायजम्याच्या पट्ट्यापट्ट्यांत, बांधकामाचे परवाने शर्टाच्या चौकटीत. सभांचा वृत्तांत मात्र नाटकाच्या पडद्यातून उरलेल्या लाल मखमलीत. सभेत नाटकच जास्त चालायचं, असं ताई म्हणत. गठ्ठ्यांवर नाव म्हणून कुठे नव्हतं. चिठ्ठी गळून पडते, शाई उडते, रंग कुठे जातो, हा त्यांचा सवाल. कुणी पणजोबांच्या घराचा परवाना मागितला की ताई मागे न बघता हात लांब करत आणि नेमकी चौकट ओढून काढत.

अशात वरून पत्र आलं. ज्या गावांना जुने कागद नीट सांभाळता येत नाहीत, त्यांचे कागद ट्रकमध्ये भरून मोठ्या शहरातल्या कोठारात नेणार. त्याआधी तपासणी होईल. ताईंचं जेवणातलं लक्ष उडालं. कागद गेले तर इथल्या माणसाला आपल्या आजीचा जन्म शोधायला दोन गाड्या बदलाव्या लागतील, आणि तिथे त्याला ओळखणारं कोण असेल, असं त्या रोज पानावर बसून सांगत. मास्तर ऐकत आणि मान हलवत. बायकोचं कौतुक त्यांना तोंडाने कधी करता आलं नव्हतं. ते हाताने करायचं त्यांनी ठरवलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी रविवार होता. ताई बहिणीची नात बघायला गेल्या होत्या. मास्तरांनी खिळ्यावरची किल्ली उचलली, एक पँट फुकट शिवून देण्याच्या बोलीवर कचेरीच्या शिपायाला सोबत घेतलं, आणि खाकी कापडाचा अख्खा तागा खांद्यावर टाकून रेकॉर्ड रूम गाठली. तिथल्या ठिगळांच्या बाजाराची त्यांना शिंपी म्हणून लाज वाटत आली होती. त्यांनी गठ्ठा न् गठ्ठा टेपने मोजला, कापड बेतलं आणि नवं बांधलं. आतलं एक अक्षर वाचलं नाही. दुसऱ्याचे कागद वाचणं बरं नव्हे. मग दुकानात तागे लावतात तसं जाड खाली, बारीक वर, असं सगळं रचलं. उतरवलेल्या चिंध्या पोत्यात भरून घरी आणल्या, कारण शिंपी कापड टाकत नाही.

सोमवारी ते ताईंच्या मागोमाग कचेरीत गेले. ताईंनी दार वाजवलं, खाकरल्या, जरा थांबल्या, आत गेल्या आणि स्टुलावर बसल्या. समोर भिंतभर खाकी. जणू कवायतीला उभी राहिलेली पलटण.

"कसं दिसतंय?" मास्तरांनी विचारलं. नवा कोट घालून गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ते याच सुरात विचारत.

"छान," ताई म्हणाल्या. "यातली गटारं कुठली?"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे मास्तरांना तेव्हा उमगलं. पण बोलायला सवड नव्हती. तपासणीच्या बाई दारात उभ्या होत्या, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी बाजारातल्या पुलाचे कागद मागितले.

ताईंचा हात सवयीने मागे गेला आणि हवेतच राहिला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, ती मोठी चौकट. कडेला फाटलेली."

मास्तरांनी डोळे मिटले. माणसाचं तोंड ते विसरत, अंगाचं माप कधी नाही. "पोट सुटलेलं, उंचीला कमी, एका खांद्याला उतार," ते पुटपुटले आणि खालच्या फळीवरून एक गठ्ठा ओढला. पूल निघाला.

बाईंनी पाण्याच्या टाकीची पहिली नोंद मागितली. आकाशी ठिपके, ताई म्हणाल्या. सडपातळ, कॉलर ताठ, असं म्हणत मास्तर शिडी चढले. टाकी मिळाली. तिसऱ्यांदा मात्र जन्माच्या नोंदींऐवजी मोकाट कुत्र्यांविरुद्धचा ठराव हातात आला. दोघांची कंबर सारखी आहे, असं मास्तरांनी बाईंना समजावून सांगितलं. शिपाई खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

बाईंनी चष्मा पुसला. मग ताईंना एकच विचारलं, की उद्या तुम्ही आजारी पडलात तर गावाने काय करायचं. बाईंचं म्हणणं खरं होतं आणि ते ताईंना इतकी वर्षं ठाऊकही होतं. बाईंनी शेरा लिहिला: कागद उत्तम स्थितीत, मांडणी दोन व्यक्तींच्या डोक्यात. कागद हलवायचे तर या दोघांनाही हलवावं लागेल आणि तशी तरतूद नाही. म्हणून तूर्त इथेच राहावेत, मात्र वर्षभरात प्रत्येक गठ्ठ्यावर नाव हवं.

कागद वाचले. त्या संध्याकाळी ताई पोटभर जेवल्या, पण मास्तरांशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या मागितल्या. मग त्या नावं लिहीत आणि मास्तर शर्टाच्या कॉलरला लावतात तशी ती खाकीवर शिवत. 'गटारे' असं लिहून ताई खाली बारीक अक्षरात 'पट्ट्यांचे' असंही लिहीत. ते कशाला, असं मास्तरांनी एकदाही विचारलं नाही.

ताई निवृत्त झाल्यावर आलेला कारकून नावं वाचून कागद काढू लागला. दुसऱ्याच आठवड्यात तो दारावर टकटक करायलाही शिकला.

पोत्यातल्या चिंध्या घरभर पसरल्या. पट्ट्यांनी मिक्सर झाकला, मखमलीचं पायपुसणं झालं, पिवळ्या फुलांचे उशांना अभ्रे शिवले. चहा कुठे आहे ते मात्र शेवटपर्यंत विचारूनच घ्यावं लागे.

एका दुपारी ताई जेवून आडव्या झाल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. डोळा लागायच्या जरा आधी मास्तरांनी स्वयंपाकघरातून विचारलं होतं, आपली लहान कात्री कुठे दिसत नाही ती.

"जन्मांच्या उशीमागे बघा," ताई आतून म्हणाल्या. "आणि काढलीत तिथेच परत ठेवा."