पडद्यामागून दिसलेला डावा हात

लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात सोनारीच्या जत्रेत मी सिनेमा पाहिला. शहरांत बोलपट कधीचे आले होते. आमच्या तंबूत मात्र जुना, ओरखडे पडलेला मुकाच. मधोमध सिनेमाचा पातळ पडदा, पुढं पुरुष, मागं आम्ही बायका.

खुनाची गोष्ट होती. खुनी धड दिसतच नसे; आधी जिन्यावर त्याची वाकडी सावली चढायची, मागून माणूस. खूनही दाखवला नाही. भिंतीवर सुरा धरलेला काळा हात वर गेला आणि दिवा विझला. अंगावर सर्रकन काटा आला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला जेवायला वाढताना मी म्हणाले, "डावखुरा व्हता मेला."

"सुरा उजव्या हातात व्हता," ते म्हणाले. "लाव पैज. जिंकलीस तर पंचमीला तेरला धाडतो. हरलीस तर सुगी होईस्तोवर म्हायेराचं नाव काढायचं न्हाय."

तेरला माझी आई अंथरुणाला खिळलेली. मी लगेच हो म्हणाले. डावा हात मी स्वतः पाहिला होता. त्यांनी गल्लीतल्या चौघा पुरुषांना विचारलं. चौघंही म्हणाले, उजवा. सासूबाईंनी डावाच पाहिला होता, पण चार गड्यांपुढं त्या गप्प बसल्या. आपलेच डोळे फसले म्हणून मी लाजले. पंचमीला गेले नाही. भादव्यात आई गेली.

पुढं त्यांनीच मला पाटीवर अक्षरं शिकवली. किती मायाळू माणूस, असं वाटायचं. दोन वर्षांनी पुन्हा त्याच पडद्यामागं बसले. चित्रांमधला मजकूर आता वाचता येईल म्हणून सरसावले, तर एकेक अक्षर उलटं. मागच्या बाजूनं सगळंच उलटं दिसत होतं, उजव्याचं डावं.

घरी येऊन विचारलं, "तुमास्नी ठावं व्हतं?"

"व्हय. पडदा बांधाया म्याच तर गेल्तो. जरा मस्करी केली गं."

नंतर बोलपटांत पुष्कळ खून पाहिले. बहुतेकांनी भिंतीवरची तीच सावली उसनी आणलेली. शेजारचे दचकतात; माझं मात्र पित्त खवळतं.

शेवटच्या दिवसांत आई दाराकडं तोंड करून निजायची, असं भावानं मला सांगितलं होतं. उभा जन्म संसार केला, पण हे मी नवऱ्याला कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर ते रडले असते, आणि मग मला त्यांना माफ करावं लागलं असतं.