चिंचोक्यांचा तास

मला अजून राग येतो, आणि तो मी सोडणार नाही.

नाशिकच्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबचा शिपाई होतो. शिक्षण चौथी. नव्वदनंतरची गोष्ट. एक तरुण मॅडम आल्या आणि त्यांनी आर्ट्सच्या पोरापोरींना अणूचं विज्ञान शिकवायचं काढलं. दर शनिवारी, आमच्या लॅबमध्ये. विभागप्रमुखांना ते पहिल्यापासून खुपत होतं. "मामा, उद्या इथं भजनी मंडळ बसवा," असं मला म्हणायचे. तास बंद करायला त्यांना निमित्तच पाहिजे होतं.

मॅडमनी चिंचोके मागितले. मी पंचवटीच्या बाजारातून आणले, फोडले, घासले. एक बाजू काळी, एक पांढरी. बाया सारीपाटाला घेतात तसे. टोपलीभर चिंचोके फरशीवर टाकायचे. पांढरी बाजू वर आली ते मेले, बाजूला काढायचे. उरलेले मोजून पुन्हा टाकायचे. मॅडम म्हणाल्या, किरणोत्सारी अणू असेच फुटतात. कुठला कधी जाईल ते कुणालाच सांगता येत नाही, पण ढिगातला दर वेळी साधारण किती हिस्सा जाईल ते सांगता येतं. निम्मे जायला लागतो तो वेळ म्हणजे अर्धायुष्य.

सिन्नरहून एसटीनं येणारी एक पोरगी फळ्यावर आकडे मांडत होती. तेवढ्यात प्रमुख आले.

"निम्मे गेले का?"

"नाही सर. दर वेळी कमीच जातात."

ते हसले. "अर्धायुष्यसुद्धा धड नाही! मॅडम, नाणी तरी घ्यायची. मामा, झाडू आणा."

मॅडमचा चेहरा उतरला. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू फुगीर असते, त्यामुळं तो नाण्यासारखा निम्मा-निम्मा पडत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

पोरगी म्हणाली, "सर, निम्मे नाही, पण दर वेळी तिनातला एक जातोय. बघा ना."

त्यांनी फळ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मामा, झाडू!"

"डाव संपू द्या, सर," मी म्हणालो.

"मेमो देईन."

"द्या. सही मराठीत करतो."

पोरांनी डाव पुरा केला. शेवटचा चिंचोका मरता मरेना. सगळे ओरडत होते, "मर की रे!" प्रमुख घड्याळ बघत उभे.

सोमवारी मला मेमो मिळाला. मॅडमना लॅब बंद. कारण काय, तर प्रयोगशाळेत जुगार. जुगार!

पुढच्या शनिवारी मॅडमनी तो तास सायकल स्टँडमध्ये घेतला. लॅब रिकामी, किल्ली माझ्या खिशात, आणि उघडायची नाही असा हुकूम. तेव्हापासून त्या माणसाच्या केबिनमध्ये मी चहा नेला नाही. रिटायर होईपर्यंत नाही.